वाटीतली ढिंगरी

"हे पांढुरकं काय दिसून राह्यलं यात?"

मामीनं वाटी उजेडात धरली. मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी, वर तुपाचा पिवळा डोळा, आणि कालवूनही न कालवलेले बारीक राखाडी धागे. वहिनी परसातल्या चुलीपुढं बसली होती. मागं न वळताच म्हणाली, "ढिंगरी आहे, आई. आपल्याच कोठ्यातली. चमचाभर देऊन बघते आज तिला."

मामीनं वाटी ओसरीवर टेकवली, पण बाळापासून हातभर लांब.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रिसोड तालुक्यातलं माझ्या मामाचं गाव. सोयाबीन घरात येऊन बाजारात गेलेलं, तूर फुलावर आलेली, परसात कुटाराचा ढीग. ज्या कोठ्यात एकेकाळी चार बैल असत, तिथं आता आढ्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगलेल्या, आणि पिशव्यांच्या भोकांतून शिंपल्यांसारखे पांढरे गुच्छ बाहेर आलेले. वहिनी बचत गटातल्या चौघींना घेऊन गेल्या वर्षापासून हा ढिंगरीचा, म्हणजे मशरूमचा, उद्योग करते. पुतणीला नुकताच आठवा महिना लागला होता. उष्टावण होऊन महिना झालेला. वरण, भात, भोपळा, रताळं, अंड्याचा बलक एवढं तिच्या खाती जमा होतं.

मामीला अडाणी सासू समजून कोणी पुढं वाचणार असेल, तर आधीच सांगतो. ती तीस वर्षांवर अंगणवाडी सेविका होती. कामाला लागली तेव्हा हे गाव अकोला जिल्ह्यात होतं. 1 जुलै 1998 ला वाशीम वेगळा झाला, तिच्या रजिस्टरावरचं जिल्ह्याचं नाव बदललं, वजनकाटा तोच राहिला. गावातल्या निम्म्या तरण्या पोरांची पहिल्या वर्षाची वजनं तिला आजही पाठ आहेत आणि लग्नाच्या पंगतीत ती ती सांगतेही.

मला वाटलं, भांडण शाकाहाराचं असणार. मामा माळकरी. घरात अंडं शिजतं तेही परसातल्या चुलीवर, वेगळ्या गंजात. शेजारच्या मालेगाव तालुक्यात शिरपूरचं जैन तीर्थ. तिथल्या भाविकांच्या ताटात भूछत्र येणं शक्यच नाही. स्मृतींनीही लसूण-कांद्याच्या पंगतीला बसवून ते वर्ज्य ठरवलेलं. पण मामीनं तो मुद्दा हातानंच उडवला.

"त्याहीचं त्याहीच्यापाशी. अंड्याच्या गंजात हेबी शिजलं, बस झालं. माहं भांडण ते नाही."

"मग कशाचं?"

"कुत्र्याच्या छत्रीचं."

मामीचं माहेर मानोरा तालुक्यात, यवतमाळच्या शिवेकडं. पाऊस लागला की वारुळांवर टेकोडे निघत. पूर्व विदर्भात त्यांनाच सात्या म्हणतात, कोकणात अळंबी, गोव्यात ओळमी. वाळवी वारुळाच्या पोटात एक बुरशी जोपासते, तिचंच हे फळ. पावसाच्या हिशोबानं वर्षातून थोडे दिवस दिसतं आणि मटणाच्या भावात जातं. मामीच्या आजीला ती जागा ठाऊक होती. दुसऱ्या कोणाला ती सांगायची नाही.

"आजी काय करे, माहीत हाये? उपटल्यावर देठ पाहे. खाली मुळीवानी लांब शेपूट वारुळात गेलेली असली तंच टोपलीत. नाही तं तिथंच टाके. एक साल शेजारच्या घरची नवी सून कुठून तरी कुंपणापासून घेऊन आली. रात्रभर सारे ओकले. सकाळी जरा बरं वाटलं, म्हून कोणी दवाखान्यात गेलं नाही. तिसऱ्या दिवशी लहानगं पोट्टं गेलं. डोळे पिवळेजरद."

वहिनी आता वळून बसली होती. "आई, ती रानातली. ही आपण स्पॉन टाकून पिकवलेली. जोंधळ्याच्या दाण्यावर वाढवलेलं बियाणं, कुटारात पेरलेलं. पिशवीत दुसरं काही उगवलं तर हिरवी-काळी बुरशी दिसते, आपण पिशवीच फेकतो. कुंपणाचा काय संबंध?"

"आज नाही. उद्या ही पोट्टी पाच वर्षाची होईन. घरात खाल्लेलं रानात दिसलं तं तोंडात घालीन का नाही?"

याला वहिनीकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. पाककृतीच्या पुस्तकात हा प्रश्न कुठं येतो?

मामीची ती 'सकाळी जरा बरं वाटलं' ही ओळ मात्र मी धरून ठेवली, कारण सगळी मेख तिच्यात आहे. विषारी छत्र्यांपैकी ज्या खरोखर जीव घेतात, त्यांचं विष लगेच बोलत नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग ते थांबतात, माणूस उठून बसतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. हे विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. एप्रिल 2022 मध्ये आसामच्या वरच्या भागात, चहामळ्यांच्या मुलखात, रानछत्र्या खाऊन दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेरा जण दगावले, आणि त्यांतही एक लहान मूल होतं. तीही माणसं वर्षानुवर्षं रानातलं वेचून खाणारीच.

"चांदीचा रुपया टाकून पाहत ना?" वहिनीनं विचारलं. "आमच्याकडं म्हणायचे, काळा पडला तर विषारी."

"आमच्याकडंबी म्हणत. अन् लसूण टाका, तांदूळ टाका. किडे खातात ते चांगलं."

"दोन्हीकडं चूक म्हणत," मी मधे पडलो. "चांदी काळी होते ती गंधकानं. उकडलेल्या अंड्यानंही होते. या विषाला चांदी ओळखत नाही. आणि किड्यांचं पोट आपलं नव्हे. गोगलगाय जे पचवते त्यानं माणूस मरतो."

मामी थोडी खट्टू झाली. आजीच्या टोपलीवर मी पाय दिल्यासारखं झालं होतं. म्हणून हेही सांगितलं की आजीनं रुपया कधी टाकला नाही, शेपूट पाहिली. ती ओळख खरीच होती. फक्त ती एका बाईच्या हातात होती, तिच्याबरोबर गेली, आणि आपल्याकडं उरला तो रुपया. रानातलं भूछत्र लहान लेकराला द्यायचं नाही, कितीही जुन्या जाणत्यानं आणलं तरी, यावर दोघींचं एकमत झालं. सबंध सकाळीत विनाअट झालेलं एकमत हे एवढंच.

वहिनीला वाटलं, जिंकले. ती वाटी उचलायला पुढं आली, तर मामी म्हणाली, "थांब. कुटार कशात भिजवलं होतं?"

कोणाला हा प्रश्न साधा वाटेल. ढिंगरी लावणाऱ्याला तो वर्मी लागतो. सोयाबीनचं कुटार नुसतं ओलं करून पिशवीत भरलं तर ढिंगरीच्या आधी त्यात असलेल्या नाना बुरश्या वाढतात. म्हणून ते निर्जंतुक करावं लागतं, आणि त्याचे दोन रस्ते. एक, पाणी तापवून ऐंशी अंशाच्या आसपास तासभर कुटार बुडवून ठेवायचं. दुसरा, शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि सव्वाशे मिली फॉर्मेलिन घालून त्यात रात्रभर, सोळा-अठरा तास, भिजवायचं. माहितीपुस्तिकांत दोन्ही छापलेले असतात. दुसऱ्याला जळण लागत नाही, बाई चुलीपुढं होरपळत नाही, एका दिवसात पन्नास पिशव्या भरतात. फॉर्मेलिन म्हणजे तेच, ज्यात शाळेच्या प्रयोगशाळेत साप-बेडूक बरणीत ठेवलेले असतात. कार्बेन्डाझिम हे पिकावरच्या बुरशीचं औषध.

"या खेपेला गरम पाण्यात," वहिनी म्हणाली. "ड्रम घेतला ना आपण. तुम्हीच तर लाकडं संपली म्हणून ओरडला होता."

"अन् मागच्या खेपेला?"

"मागच्या खेपेला औषधात."

"तो माल कुठं गेला?"

"रिसोडला. आठवडी बाजारात." आणि मग, जरा थांबून, "आई, पुस्तिकेत दिलेलंच प्रमाण होतं. कुटार नितरतं, फॉर्मेलिन उडून जातं, पीक यायला वीस-पंचवीस दिवस लागतात."

"मी कुठं म्हणतो वंगाळ हाये. मी इचारतो, आपल्या पोट्टीच्या वाटीत गरम पाण्याचं अन् बाजारातल्या पोट्ट्याच्या वाटीत औषधाचं, असं काहून?"

चूल फुरफुरत होती. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. पुस्तिकेतलं प्रमाण पाळलं तर ढिंगरीत किती उतरतं हा प्रयोगशाळेचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्या ओसरीवर कोणाहीपाशी नव्हतं. पण आपल्या लेकरासाठी हात आपसूक कुठं जातो हे दिसलं होतं. विकत घेणाऱ्यालाही हा प्रश्न विचारता येतो. शहरातल्या पाकीटबंद बटण मशरूमबद्दल तो कोणाला विचारणार? पण गावच्या गटाकडून ढिंगरी घेणारा नक्की विचारू शकतो: कुटार कशात भिजवलं? ज्या कुटाराला कापणीच्या तोंडावर फवारणी झाली ते घेतलं की सोडलं? गटातली बाई चिडणार नाही. चिडली तर दुसरीकडून घ्यावी.

"पुढच्या खेपेपासून सगळंच ड्रममध्ये," वहिनी शेवटी म्हणाली. "लाकडाचं बघू."

मामीचा दुसरा प्रश्न त्याहून जवळचा होता. "अन् सकाळी पोट्टीले झोळीत घालून कोठ्यात कोण नेलं?"

"दहा मिनिटं, आई. पाणी मारायला गेले होते. इकडं तुम्ही आंघोळीला."

"तुह्या खोकल्याले किती दिवस झाले?"

इथं मी मामीच्या बाजूनं पूर्ण उभा राहिलो, आणि या लेखातही राहतो. मशरूम आणि बाळ म्हटलं की सगळ्यांचं लक्ष वाटीकडं जातं, कोठ्याकडं जात नाही. ढिंगरीची छत्री पिकून कडा पातळ झाल्या, वर वळल्या, की तिच्यातून बीजाणूंची पिठासारखी धूळ उडते. दुसऱ्या दिवशी खालच्या पिशवीवर पांढरा थर दिसतो. तो दिसतो एवढाच भाग, बाकीचा श्वासात जातो. मशरूमच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना यामुळं फुफ्फुसाचा एक आजारच जडतो. काम करून आल्यावर काही तासांनी खोकला, कणकण, धाप, सुट्टी घेतली की बरं. वहिनीचा खोकला तोच, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर सांगेल. पण आठव्या महिन्यातल्या फुफ्फुसांना तिथं काम काय? काढणी कडा आत वळलेल्या असतानाच करायची, जे चवीलाही बरं. तोंडाला मास्क. आणि झोळी ओसरीवर, कोठ्यात नाही. वहिनीनं यावर वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "मग मी पाणी मारताना तुम्ही आंघोळीला जाऊ नका." रास्त बोलणं.

आता वाटीची पाळी. वहिनीनं आपलं खरं हत्यार काढलं, प्रशिक्षणात मिळालेलं रंगीत पत्रक. 'प्रथिनांचा खजिना' असं त्यावर ठळक अक्षरांत.

"कोरडी तोलली का ओली?" मामी.

"म्हणजे?"

"खजिना कोरड्या ढिंगरीचा हाये. ओलीत पाणीच पाणी."

बरोबर होतं तिचं. ताज्या अळिंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी, प्रथिनं तीनेक ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत बावीसच्या घरात, एका अंड्यात सहा. पत्रक खोटं नसतं, पण ते वाळवलेल्याचे आकडे देतं आणि आपण शिजवतो ताजी. मोठ्या माणसाला काय, जास्त खाईल. पण या वयाच्या पोराची एका वेळची भूक अर्ध्या वाटीवर संपते. दिवसातून दोन-तीनदा तेवढं, बाकी आईचं दूध. त्या अर्ध्या वाटीत ढिंगरी शिरली म्हणजे दुसरं काहीतरी बाहेर गेलं. डाळ गेली? तूप गेलं? अंडं गेलं?

"आमच्या रजिस्टरात अशीच पोट्टी राहत," मामी म्हणाली. "आई सांगे, रोज सूप पाजतो, भाज्यायचं पाणी पाजतो. अन् काटा हालत नसे. पाण्यानं पोट भरे, अंग भरत नसे."

2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, आणि सहा महिने ते पाच वर्षं या वयातली शंभरातली जवळपास एकोणसत्तर रक्तक्षयी. मामीच्या काट्याला हे सर्वेक्षणाआधीच माहीत होतं. ढिंगरीनं यातलं काही सुटणार नाही. तिच्यात लोह थोडं, आणि तेही अंगी लागायला अवघड. लोहाचं औषध, आठवड्यातून दोनदा एक मिली, आशाताई देतात ते, चालूच राहायला हवं.

"मग द्यायचीच कशाला, असंच ना?" वहिनीचा आवाज चढला. "आई, भोपळ्यात तरी कुठला खजिना आहे? तो कसा चालतो? मी वरणाऐवजी देत नाहीये. भोपळ्याऐवजी देतेय. ब गटातली जीवनसत्त्वं आहेत यात. आणि चव! तिला रोज गोडं-गोडंच. रताळं गोड, भोपळा गोड, केळं गोड. मग दोन वर्षांची झाली की आपणच म्हणणार, पोरगी भाजी खात नाही."

हे मला पटलं. खरं सांगायचं तर मामीलाही पटलं, कारण ती गप्प बसली आणि वाटीतला एक धागा चिमटीत धरून ताणून पाहू लागली. ढिंगरीला जी चव असते ती ना गोड ना आंबट. मटणाच्या रश्श्याच्या जवळची, पण रस्सा नव्हे. पहिल्या वर्षात जेवढ्या चवी जिभेवरून जातील तेवढं पुढचं सोपं. वहिनीनं काढल्यावर ती ढिंगरी सुपात, पोटाकडची घडी वर करून, दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवली होती. ऊन लागलं की अळिंबीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ही कल्पना चांगली आहे, पण त्या भरवशावर बाळाचे ड जीवनसत्त्वाचे थेंब बंद करणं चांगलं नाही. वहिनीनं ते केलं नव्हतं, मी विचारून घेतलं.

मामीचा धागा तुटला नाही. ताणला, वाकला, रबरासारखा पुन्हा आखडला. तिनं तो वहिनीच्या डोळ्यांपुढं धरला.

"हे पाहा. हे गिळीन का ते?"

इथून पुढची पंधरा मिनिटं दोघी बोलत नव्हत्या, चिरत होत्या. ढिंगरीचा देठ चामट असतो. मोठ्यांच्या भाजीत तो चालून जातो, बाळाच्या वाटीत त्याला जागा नाही. फक्त छत्रीचा पातळ भाग घ्यायचा. बुरशीच्या पेशींची भिंत कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच. म्हणून ती नीट शिजवल्याशिवाय पोटाला जड जाते. कच्ची तर मुळीच द्यायची नाही, बटणही नाही, कोशिंबिरीत कितीही छान दिसली तरी. वहिनीनं ती खिचडीत शेवटची पाच मिनिटं टाकली होती. मामीनं उरलेली पुन्हा धुतली, वाहत्या पाण्यात पटकन, भिजत न ठेवता. विळीवर छत्री आडवी धरून आधी धाग्याच्या आडवं चिरलं, मग उभं, मग पुन्हा आडवं. खसखशीएवढं झालं. थेंबभर तूप, चिमूटभर जिरं, हळद. मीठ नाही, वर्षाच्या आत नाहीच. झाकण ठेवून वीस मिनिटं. शेवटी रवीनं वरणात घुसळून टाकलं.

वहिनीची नणंद, म्हणजे माझी मामेबहीण, न्यू जर्सीत असते. तिचा पोरगाही याच वयाचा. तिनं व्हिडिओवर दाखवलं होतं: खुर्चीत ताठ बसवलेलं बाळ आणि त्याच्या मुठीत भल्यामोठ्या मशरूमची अख्खी शिजवलेली फोड. तो ती चोखतोय, चावतोय, टाकतोय. घोटलेलं काहीच नाही. वहिनीला तेच करून पाहायचं होतं. मामीनं तो व्हिडिओ पाहताना डोळेच मिटले होते.

दोन्ही रीती चालतात, असं माझं मत. विचित्र वाटेल, पण मुठीपेक्षा मोठी मऊ फोड आणि खसखशीएवढा बारीक चुरा, दोन्ही बऱ्या. मोठी तोंडात मावत नाही, बारीक अडकत नाही. धोका मधल्यात आहे, रुपयाएवढ्या गोल चकतीत, बटणाच्या निसरड्या अर्ध्या फोडीत. ती बरोबर घशाच्या मापाची असते, चावून तुटत नाही आणि जिभेवरून घसरते. मोठी फोड हातात द्यायची तर आई समोर बसलेली हवी, मोबाइल बाजूला, आणि तोंडातून लहान तुकडा तुटला तर लगेच पाहायला. पोर ओकारी काढतं, तोंड लाल करतं, खोकतं, तेव्हा ते स्वतःच मार्ग काढत असतं. खोकलाही थांबला, आवाजच निघेना, ओठ निळे पडायला लागले, तर मात्र अडकलंय. तोंडात आंधळेपणानं बोट घालायचं नाही. वर्षाच्या आतलं असेल तर हातावर पालथं, डोकं खाली धरून, पाठीवर खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधे तळहातानं पाच जोरकस थापा. मामी हे बाहुलीवर शिकवायची. आता तिनं ते उशीवर वहिनीला पुन्हा करायला लावलं. वहिनी हसत होती. मामी हसली नाही.

नवव्या-दहाव्या महिन्यात पोरगी चिमटीनं दाणे उचलायला लागेल तेव्हा मऊ शिजवलेले भाताच्या शिताएवढे तुकडे ताटलीत पसरून द्यावेत. दीड-दोन वर्षांची झाली की भाकरीबरोबर भाजी. पण बटण मशरूम अख्खं किंवा जाड चकतीत चार वर्षांपर्यंत नको. आणि झोळीत आडवं, चालत, रडत असताना काहीच नको. हे मशरूमला लागू तसं सगळ्याला.

एक मुद्दा राहिला होता, तो वहिनीनं काढला. "अॅलर्जी?"

"व्हते का?"

"क्वचित," मी म्हणालो. "अंडं-शेंगदाण्याच्या मानानं फार क्वचित. पण कोणाला होईल ते तोंडावर लिहिलेलं नसतं."

"तं मग आपलीच रीत," मामी म्हणाली. तिची रीत साधी. नवं एका वेळी एकच, सकाळच्या प्रहरी, म्हणजे दिवसभर पोर डोळ्यापुढं राहतं. पहिल्या दिवशी चमचाभर. मग तीन दिवस दुसरं नवं काही नाही. अंगावर गांध्या, ओठ सुजले, पुन्हा पुन्हा ओकली, छातीत घरघर झाली तर वाट पाहायची नाही, 108 ला फोन. या रीतीचं रजिस्टर आता सरकारी नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे. दुधाचा रतीब, गॅसची टाकी, आणि त्याच चौकोनांत बारीक पेन्सिलनं: 'भो', 'रता', 'अं'.

"मधाची काय रीत होती तुमची?" मी मुद्दाम विचारलं.

मामीनं माझ्याकडं रोखून पाहिलं. "जन्मल्याबरोबर सोनं-मध चाटवत ना सारे. मी किती घरी भांडलो. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, त्यात कधी कधी असे जंतू राहतात का लेकरू लुळं पडते. सासूबाईनं, तुह्या मामाच्या आईनं, हिच्या बापाले चाटवला होता. मी तवा बोललो नाही. नवी होतो."

एवढं म्हणून ती वाटी घेऊन बाळापाशी बसली. वहिनी उठायला लागली तर तिला हातानं खाली बसवलं. "तू दे. मी पाहतो."

पोरगी भिंतीला टेकून, दोन उशांच्या मधे ताठ बसवलेली. वहिनीनं चमच्याच्या टोकावर वरण घेतलं, त्यात कुठं कुठं करडे ठिपके. पोरीनं तोंड उघडलं, घेतलं, आणि थांबली. भुवया जवळ आल्या. जीभ बाहेर आली आणि तिच्याबरोबर निम्मं वरण हनुवटीवर. मग तिनं हनुवटीवरचं बोटानं पुसून पुन्हा तोंडात घातलं आणि आजीकडं पाहिलं.

"आवडलं?" वहिनी.

"आताच काय समजते. आठ-दहा खेपा दे, मंग सांग." मामीनं पदरानं हनुवटी पुसली. दुसरा चमचा पोरीनं पूर्ण बाहेर टाकला. तिसऱ्याला तोंडच उघडलं नाही आणि वाटीवर हात मारला. मामीनं वाटी बाजूला घेतली. "झालं. आज एवढंच."

उरलेलं वरण वहिनीनं खाल्लं, भाकरीशी. मामानं ओसरीवरून जाताना वाटीत डोकावून विचारलं, आज कशाचं वरण? कोणीच उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा पोरगी खेळत होती. मामी कालनिर्णयापाशी उभी होती, चष्मा कपाळावर, पेन्सिल शोधत. त्या दिवसाच्या चौकोनात दुधवाल्याचा दीड लिटर आधीच बसलेला होता. त्याच्या वर, कोपऱ्यात, तिनं 'ढिं' लिहिलं. मग पुढच्या तीन चौकोनांवर आडव्या रेघा ओढल्या आणि वहिनीला हाक मारून विचारलं, "ड्रमाले लाकडं किती लागतात गं एका खेपेले?"